उघडा पत्रा, उघडे लोखंड : गंजाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सवडीनुसार एक जुनी मोटार स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत आहे. पुढची दोन्ही मडगार्डे आणि एका दाराचा जुना रंग काढून मी पत्रा पूर्ण उघडा केला, पॉलिश पेपरने लखलखीत घासला आणि त्यावर बाजारात मिळणारा साधा करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारला. नंतर काम रखडले. गाडी छपराखाली होती, तिला थेट पाऊस लागला नाही. तरीही पाच महिन्यांनी प्रायमरवर तपकिरी ठिपके उमटले आहेत आणि दारावर एके ठिकाणी तर बोटांच्या ठशांसारखी आकृती दिसते. प्रायमर मारूनही गंज का यावा? आता पुढे काय करावे?

उत्तर : दारावर दिसणारी ती आकृती खरोखरच बोटांचे ठसे आहेत. घासून झाल्यावर पत्रा कितपत गुळगुळीत झाला हे पाहण्यासाठी आपण किंवा दुसऱ्या कोणी त्यावर उघडा हात फिरवला असणार. घामात मीठ असते आणि मीठ हवेतील ओल ओढून घेते. हाताचा तेलकट, खारट थर पत्र्यावर राहिला आणि त्यावरच प्रायमर बसला. मी असा एक पत्रा पाहिला आहे, ज्याच्यावर चार बोटे आणि तळव्याची कड इतकी स्वच्छ उमटली होती की हात डावा होता हेही सांगता येत होते. उघड्या पत्र्याला हातमोजे घातल्याशिवाय स्पर्श करायचा नाही, हा नियम रंगकाम करणारी जुनी माणसे इतक्या कडकपणे का पाळतात, ते असा एक पत्रा पाहिला की कळते.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, पण ते पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ दिसणाऱ्या पत्र्यावरही पाण्याचा अतिशय पातळ थर धरू लागतो आणि गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. त्या थरात पत्र्याचा एक कण धन आणि शेजारचा कण ऋण अशा असंख्य सूक्ष्म बॅटऱ्या तयार होतात. एकीकडे लोखंड विरघळते आणि दुसरीकडे प्राणवायू खर्ची पडतो. पाण्यात मीठ मिसळले की त्यातून वीज अधिक सहज वाहते, म्हणून हे काम अधिक वेगाने होते. अ‍ॅल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो आणि तो खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, वरचा रंग उचलतो आणि आत आणखी ओल शोषतो. म्हणूनच एकदा आलेला गंज आपोआप थांबत नाही.

आता प्रायमरविषयी. ज्याला आपण सरसकट प्रायमर म्हणतो, त्यात एकमेकांपासून अगदी वेगळे पदार्थ येतात. आपण मारलेला करडा प्रायमर बारीक ओरखडे भरून काढण्यासाठी आणि सहज घासता यावा यासाठी बनवलेला असतो. त्यात शंखजिऱ्यासारखी भरणीची भुकटी भरपूर असते, त्यामुळे तो वाळल्यावर स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. त्यावर वरचा रंग लगेच चढणार असेल तर तो उत्तम काम करतो. तो तसाच उघडा ठेवून महिने गेले, तर ओल त्याच्यातून हळूहळू पत्र्यापर्यंत पोहोचते. जुन्या, तांबड्या रेड ऑक्साइड प्रायमरबद्दलही हेच म्हणता येईल. पत्रा उघडा करून काम थांबण्याची जराही शक्यता असेल, तर दोन भागांचा, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर वापरावा. तो घट्ट विणीचा असतो, पाणी सहज आत जाऊ देत नाही आणि स्वच्छ केलेल्या लोखंडाला फार चांगला धरतो.

आपण विचारले आहे की आता काय करावे. मन घट्ट करून तो सगळा प्रायमर काढून टाकावा आणि पत्रा पुन्हा उघडा करावा. ठिपक्यांवरून वरवर घासून त्यावर चांगला रंग चढवण्याचा मोह टाळावा, कारण ठिपक्याखालचा गंज तसाच राहतो आणि वर्षभराने रंगाचा फोड होऊन वर येतो. कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. घासण्याच्या आधी तेल आणि मेण काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसून घ्यावा. आधी घासले तर ग्रीस पॉलिश पेपरच्या दाण्यांबरोबर ओरखड्यांत दाबले जाते. मग 80 ते 180 नंबरच्या पेपरने घासावे. इथे आपली एक गोष्ट सुधारायला हवी : पत्रा लखलखीत, आरशासारखा करण्याची गरज नाही. प्रायमरला धरायला खडबडीतपणा हवा असतो. घासल्यावर धूळ उडवून द्यावी आणि दोन फडक्यांनी पुन्हा पुसावे : पहिले द्रावणात भिजवलेले, दुसरे कोरडे, आणि दुसरे फडके पहिल्यामागोमाग, द्रावण वाळण्याच्या आत फिरवायचे. द्रावण पत्र्यावरच वाळू दिले, तर सुटलेला तेलकटपणा पुन्हा तिथेच बसतो.

खोल गंजलेल्या जागी घासूनही काळे ठिपके राहतात. ते म्हणजे खड्ड्यांच्या तळाशी उरलेला गंज. तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक उपयोगी पडते. ते गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. मात्र त्या आम्लाचा उरलेला अंश नीट धुऊन, पत्रा लगेच आणि पूर्णपणे वाळवला नाही, तर वरच्या इपॉक्सीचा हार्डनर बिघडतो आणि प्रायमर नीट पक्का होत नाही. अनेकांचे चांगले काम इथेच वाया जाते. शक्य असेल तर अशा जागी वाळूच्या माऱ्याने सफाई करून घ्यावी. बॉनेटसारख्या सपाट, पातळ पत्र्यावर मात्र जोरदार मारा झाला तर पत्रा पिळवटतो, हे ध्यानात असू द्यावे.

पुसण्यापासून प्रायमर मारेपर्यंतचा वेळ तासांत मोजायचा असतो. सकाळी घासलेला पत्रा त्याच दिवशी झाकला गेला पाहिजे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते त्यापेक्षा, किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त असावे, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. साध्या भाषेत सांगायचे तर थंड पत्रा उबदार, दमट हवेत आणून लगेच रंगवू नये, कारण न दिसणारे दव त्यावर आधीच बसलेले असते. पोचा आला असेल तर लांबी, म्हणजे खड्डा भरण्याची पुट्टी, इपॉक्सीच्या वर भरावी, खाली नाही. लांबीतही तीच भुकटी असते आणि तीही ओल धरते. इपॉक्सीवर पुढचा थर किती तासांच्या किंवा दिवसांच्या आत द्यायचा, ते डब्यावर लिहिलेले असते. ती मुदत उलटली तर पृष्ठभाग पुन्हा घासून खरबरीत केल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. फवारणी करताना वाफ गाळणारा मास्क वापरावा. साधा कापडी रुमाल इथे काहीच कामाचा नाही.

प्रश्न : पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज येतो. डिस्कला तेलाचा हलका हात दिला तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. ब्रेकच्या डिस्कला किंवा पॅडला तेल, ग्रीस, मेण यांतले काहीही लावायचे नसते. डिस्क बिडाची असते आणि तिचा घासणारा भाग मुद्दामच उघडा ठेवलेला असतो. दोन दिवसांत येणारा तो नारिंगी थर पहिल्या काही वेळा ब्रेक दाबताच पॅडने पुसला जातो आणि त्यात काळजीचे काही नसते. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर आणि बाहेरच्या कडेवर मात्र पॅड पोहोचत नाही. नवीन डिस्क बसवण्यापूर्वी तेवढ्याच भागाला उष्णता सहन करणारा रंग लावता येतो, घासणाऱ्या पट्ट्यावर तो येणार नाही अशी काळजी घेऊन. नव्या डिस्कवर कारखान्यातून गंजरोधक तेल लावलेले असू शकते. ते बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे.

गाडी अनेक आठवडे उभी राहणार असेल, तर मागच्या ब्रेकवर गाडी अडकवून ठेवण्याऐवजी सपाट जागी चाकांना अडणी लावून हँडब्रेक मोकळा सोडावा. दाबलेला पॅड आणि ओली डिस्क एकमेकांना गंजाने चिकटतात आणि तो पॅड सुटताना कधीकधी त्याचे अस्तरच निघून येते. गाडी धुऊन उभी करायची असेल, तर आधी थोडी चालवून ब्रेक दाबत कोरडे करावेत.

प्रश्न : इंजिन खोलले आहे. ब्लॉक, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह आणि गिअर यांवर रंग देता येत नाही. पुढची दुरुस्ती व्हायला सहा-सात महिने लागतील. तोवर हे भाग कसे ठेवावेत? वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवले तर पुरेल का?

उत्तर : इंजिनाचे आतले भाग तंतोतंत घासून बनवलेले असतात आणि केसाच्या जाडीहून कितीतरी लहान मापावर त्यांचे काम चालते. दाराच्या पत्र्यावरचा गंज घासून काढता येतो; क्रँकशाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, गंजाचा खड्डा पडला तर तो भाग पुन्हा घासून मापातच कमी करावा लागतो.

एक अनुभव सांगतो. मी एकदा बिडाचा ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुतला, हवेने पाणी उडवले आणि तेल आणायला शेजारच्या खोलीत गेलो. तेथे कोणाशी तरी बोलणे झाले. पंधरा-वीस मिनिटांनी परतलो तेव्हा चारही सिलिंडरच्या भिंतींवर फिकट पिवळसर गंजाची साय धरली होती. बोट फिरवले की ती निघत होती, पण नुकत्याच होन केलेल्या, म्हणजे दगडाने बारीक घासून मापात आणलेल्या भिंतीवर ती येऊच द्यायची नसते. तेव्हापासून तेलाचा डबा आणि धागे न सुटणारी स्वच्छ फडकी हाताशी ठेवल्याशिवाय मी ब्लॉकवर पाणी घालत नाही. धुतलेला प्रत्येक भाग हवेने वाळवावा आणि त्याच क्षणी स्वच्छ तेलाचा हात द्यावा.

सहा-सात महिन्यांसाठी साधे इंजिन ऑइल एकटे पुरेसे नाही, कारण उभ्या पृष्ठभागावरून ते खाली ओघळते आणि वरचा भाग हळूहळू उघडा पडतो. त्यासाठी साठवणीचे गंजरोधक तेल मिळते, जे वाळून मेणचट पापुद्रा धरते. वर्तमानपत्र मात्र वापरू नये. ते तेल शोषून घेते आणि हवेतली ओल धरून धातूला चिकटवते. त्याऐवजी बाष्परूप गंजरोधकाने भिजवलेला कागद, ज्याला व्हीसीआय कागद म्हणतात, तो घ्यावा. त्यातून सुटणारी वाफ धातूवर अतिशय पातळ थर धरते. पण हे काम बंद पिशवीतच होते. पिशवीचे तोंड उघडे राहिले की वाफ निघून जाते आणि मागे साधा कागद उरतो. काही प्रकार फक्त लोखंडासाठी असतात, तांबे-पितळेला चालत नाहीत. वेष्टनावरची सूचना वाचून घ्यावी.

खोक्याविषयी इतकेच की काही लाकडांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि बंद खोक्यात तीच धातूला खाते, म्हणून प्लॅस्टिकचा डबा बरा. तो जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा, कारण थंड फरशीलगत दव आधी धरते. आणि त्या खोलीत आम्लाची बाटली असू नये. फरशी धुण्याचे आम्ल असलेली सैल बुचाची बाटली एका कपाटात ठेवली, तर त्या कपाटातली सगळी लोखंडी हत्यारे काही आठवड्यांत लाल होतात.

प्रश्न : खोललेल्या गाडीचे गंजलेले नट-बोल्ट, ब्रॅकेट आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगा व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केल्या तर चालेल का? आणि नंतर ते पुन्हा गंजू नयेत म्हणून काय करावे?

उत्तर : साधे ब्रॅकेट आणि मामुली बोल्ट व्हिनेगरमध्ये बुडवायला हरकत नाही. गंज सुटला की ते बाहेर काढून पाण्यात विरघळवलेल्या सोड्याने धुवावेत आणि लगेच वाळवून तेल किंवा रंग द्यावा. धुतल्यावर उघडे ठेवले, तर आधीपेक्षाही लवकर गंज चढतो.

स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट मात्र कोणत्याही आम्लात बुडवू नयेत. आम्ल लोखंडावर काम करताना हायड्रोजन वायू तयार होतो आणि त्याचा काही अंश धातूच्या आत शिरतो. कडक पोलादात शिरलेला हा हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो आणि तो भाग बाहेरून अगदी नवा दिसत असताना भाराखाली अचानक तुटतो. वीजमुलामा करणाऱ्यांना हा धोका माहीत असतो, म्हणूनच असे बोल्ट मुलामा दिल्यावर लगेच भट्टीत साधारण 190 ते 220 अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवून हायड्रोजन बाहेर काढतात. घरच्या बादलीत ही सोय नसते. स्प्रिंग तारेच्या ब्रशने घासावी आणि त्यावर रंग द्यावा. चाक, स्टीअरिंग आणि ब्रेक यांचे बोल्ट फार गंजले असतील, तर साफ करण्याच्या खटपटीत न पडता ते बदलावेत. काही रुपयांचा बोल्ट वाचवण्यासाठी कोणी आपला जीव टांगणीला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा गंजू नये म्हणून बोल्टवर जस्ताचा मुलामा सर्वांत सोयीचा. जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजते, म्हणून मुलाम्याला ओरखडा पडला तरी आसपासचे जस्त त्या उघड्या जागेचे काही काळ रक्षण करते. क्रोमच्या मुलाम्यात हा गुण नाही, तिथे एक बारीक छिद्र पडले की खालचे लोखंड गंजू लागते. ही युक्ती जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून हेच दाखवले होते आणि लोखंडावर जस्त चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये 1837 साली घेतले गेले. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला वेल्डिंग करायचे असेल, तर जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे आणि हवा खेळती ठेवावी. जळत्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो.

प्रश्न : दाराखालची पोकळ पेटी बाहेरून रंगवली, खालून जाड रबरी लेपही दिला. आतून काय करावे? कोणी डब्ल्यूडी-40 फवारा म्हणतात, कोणी इंजिनाचे जुने तेल ओता म्हणतात.

उत्तर : हा प्रश्न आपण विचारलात याचा मला आनंद आहे, कारण गाड्या बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतात. दाराखालची पेटी, दाराचा तळ, मडगार्डची मागची कड या जागा आतून उघड्या किंवा अगदी पातळ रंगाच्या असतात. तिथे चिखल साचतो, ओल अडते आणि वारा पोहोचत नाही. वरच्या पत्र्यावर पहिला फोड दिसेपर्यंत आतले बरेचसे लोखंड संपलेले असते.

म्हणून पहिले काम पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी करण्याचे. पेटीच्या आणि दाराच्या तळाशी ती कारखान्यातच ठेवलेली असतात आणि रबरी लेप देताना हमखास बुजतात. आपला लेप दिल्यावर ती उघडी राहिली आहेत का, हे आजच पाहावे. खुद्द लेपाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तो गंजावरून मारला किंवा त्याला एखादी चीर पडली, तर पाणी आत शिरते, बाहेर येत नाही आणि वरून सगळे काळेभोर, निरोगी दिसत राहते. असा एक लेप मी बोटाने दाबून पाहिला होता. तो किंचित मऊ लागला म्हणून स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर ते जुन्या पुठ्ठ्यात जावे तसे मुठीपर्यंत आत गेले आणि ओढताना बरोबर गंजाची मूठभर पुडी बाहेर आली.

डब्ल्यूडी-40 हे 1953 साली पाणी हटवण्यासाठी तयार झालेले द्रव्य आहे आणि ते काम ते चांगले करते. ओल्या जागेतले पाणी बाहेर ढकलण्यासाठी ते अवश्य वापरावे. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर पेटीच्या आत ऋतू काढण्याइतका जाड नसतो. जुने इंजिन ऑइल मुळीच ओतू नये. त्यात जळणातून आलेली आम्ले असतात, ते भोकांची रबरी बुचे फुगवते, ठिबकून माती नासवते आणि कातडीला घातक असते.

पोकळीसाठी खास बनवलेले मेण घ्यावे. त्याच्या फवाऱ्याला लांब, लवचिक नळी असते, तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारी छिद्रे असतात. पेटी आधी पाण्याने धुऊन कोरडी होऊ द्यावी. त्यासाठी उन्हाचे दोन दिवस राखून ठेवावेत. नळी शेवटपर्यंत आत घालावी आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढावी. मेण कोमट असेल तर ते दोन पत्र्यांच्या जोडात ओढले जाते, आणि गंजाची सुरुवात नेमकी त्या जोडातच होते. लोकरीच्या चरबीपासून काढलेले लॅनोलिनही या जागी चांगले काम करते, ते वाळून तडकत नाही. काम झाल्यावर तळातून मेणाचे थेंब पडू लागतील. ते थांबले की छिद्रे एका तारेने पुन्हा मोकळी करावीत. पेटीला पुढे कधी वेल्डिंग करायचे असेल, तर ते मेण भरण्याआधी उरकावे, कारण मेण पेट घेते.

प्रश्न : सायलेन्सरला दरवर्षी चंदेरी रंग देतो, तरी तो सडतोच. रंग बदलू का?

उत्तर : साधा रंग पहिल्याच लांब प्रवासात जळून जातो. सिलिकोनवर आधारलेला, उष्णता सहन करणारा रंग घ्यावा, तो स्वच्छ उघड्या लोखंडावर पातळ थरांत द्यावा आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा. तापवल्याशिवाय तो मऊच राहतो. तरीही सायलेन्सर आतून सडतो, त्यावर रंगाचा उपाय नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते आणि ते सगळे त्याच नळीतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी रोज पाच मिनिटेच चालत असेल, तर सायलेन्सर तापतच नाही, वाफेचे पाणी होऊन ते आम्लासह तळाशी साचते. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी, म्हणजे साचलेले पाणी उडून जाईल.